ग्राफिक्स कार्डाचा पट

धनराजचा त्या आठवड्यात जीव टांगणीला लागला होता. ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्यावर त्याचं गेम पार्लर. समोरच दुसरं चकाचक पार्लर उघडलं आणि त्याची पोरं हळूहळू तिकडे सरकली. म्हणे, तुझ्या इथे गेममधली गाडी अडखळते, तिकडे सुसाट पळते. आता नवं ग्राफिक्स कार्ड घेणं भागच होतं. ते चुकलं, तर पार्लरला कुलूप लावून वडिलांसोबत तलावावर जाळं टाकायला जायचं, हे त्याला लख्ख दिसत होतं.

पण घ्यायचं कोणतं? हिरव्या डब्यातलं जीफोर्स की लाल डब्यातलं रेडिऑन? गावात सरळ दोन तट पडले. ज्यांनी जन्मात कार्ड पाहिलं नव्हतं, तेही छातीठोक सल्ले देऊ लागले. पानठेलेवाला पत्रू तर म्हणाला, "हिरवा डबा घे गा, लाल पाह्यलं का मले इस्टीच आठवते."

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या जुबेरने ओळखीच्या दुकानातून दोन्ही कार्डं आणली. "लावून पाह्य. पसंत येईन ते ठेव, दुसरं वापस नेतो."

आता पसंतीची या भागात एकच रीत. बैलजोडी घ्यायची तर तिला आधी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळताना पाहायचं. मग कार्डाला वेगळा न्याय कशाला? दोन सारखे कॉम्प्युटर शेजारीशेजारी मांडले, एकात हिरवं कार्ड, एकात लाल, आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. लालवर धनराज बसला. हिरव्यावर जुबेर बसणार होता, पण कार्ड बसवताना त्याचं बोट चांगलंच कापलं होतं. तेवढ्यात धनराजची बहीण रीता जेवणाचा डबा घेऊन आली.

"बस वं इथी. नुसते बटन दाबजो."

एरवी धनराज तिला त्या खुर्च्या पुसू द्यायचा, बसू नाही.

हिरवं जिंकलं. जुबेरने शिट्टी वाजवली, पण धनराज पक्का पटाचा माणूस. "जागा बदलवा!" जागा बदलल्या, तर लाल जिंकलं. पुन्हा बदलल्या, पुन्हा हिरवं. धनराजने वायरी तपासल्या, पंखा कार्डाकडे वळवला. दाराशी समोरच्या पार्लरची पोरं जमली होती, ती आता फिदीफिदी हसायला लागली.

"धनराजभाऊ," एकजण ओरडला, "जोडी काय पाहून राह्यले? हाकणारी पाहा ना!"

धनराजने मान वळवली. रीताची बोटं आपोआप चालत होती, कीबोर्डकडे तिचं लक्षही नव्हतं.

"तू कवा शिकली?"

"तू सकाळी चहाले जातेस ना, तवा. रोज."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तू उठवलं असतं."

उठवलंच असतं त्याने, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तोवर पोरं आत घुसली. "आमाले ताईसंग खेळाचं हाय!" धनराज उठला, तर त्याच्या खुर्चीवर लगेच एक जण बसला, मागे रांग लागली. हरलेला पुन्हा रांगेच्या शेवटी.

जुबेरने कार्डाचा रिकामा डबा पुढे केला. "मग, वापस कोनतं नेऊ?"

"तिले विचार."

"आता नाई," रीता पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पहिले मले पोटभर खेळू द्या."

जुबेर हात हलवत निघून गेला. धनराज मात्र दुपारभर तिच्या मागे उभा राहून खेळ पाहत होता. त्याला मनापासून आनंद झाला होता आणि तितकीच लाजही वाटत होती. खुर्ची त्याच्याच पार्लरची, पण ती मागायची त्याची हिंमत झाली नाही.