रंगवलेलं बटण

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावंच असा मामाचा हट्टही नाही. मामा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. एकदा त्याने विजेच्या सामानाच्या दुकानावर पंखा रंगवला, तर भर उन्हात लोक त्या पाटीखाली वारा खायला थांबू लागले. दुकानदाराला तर सर्दीच झाली. शेवटी मामाला शिडी लावून पंख्याशेजारी एक बटण रंगवावं लागलं. ते बंद केलं, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याचं नाक वाहायचं थांबलं.

भाचीने हातात पहिल्यांदा ब्रश धरला तेव्हापासून ही गोष्ट ऐकली होती. आज मात्र तिला हसू येईना. मोबाइलच्या पडद्यावरची चित्रं नि बटणं कशी काढायची, हे शिकवणाऱ्या परगावच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली होती. संध्याकाळपर्यंत 'येते' म्हणून कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि ही मघापासून मामाच्या दुकानात ब्रश पुसत बसलेली.

"कळवलंस का?" मामाने विचारलं.

"तू एकटा काय करशील?"

"एकटा? अगं, मान वर करायला फुरसत नाही मला. कालच तो दातांचा डॉक्टर येऊन गेला. म्हणतो, पाटीवर असा दात काढा, की बघणाऱ्याचा ठणकायला लागला पाहिजे."

"अख्ख्या रस्त्यावर छापील पाट्या लागल्यात, मामा."

"उन्हाने विटतात त्या. मग येतात सगळे तोंड लपवत. न्हावी, चष्मेवाला, तो चपलांचा. रांग लागलीय. तुझी आठवण काढायलासुद्धा सवड काढावी लागेल."

"आणि मी तिकडे बटणं काढत बसू?"

"मग? घराण्याचाच धंदा आहे तो. सर्दी उतरवणारं बटण कुणी काढलं होतं? अक्षर लांबून वाचता यावं, दोन अक्षरांत श्वास घ्यायला जागा असावी. पत्रा काय नि पडदा काय. एवढं तुझ्या हातात आहे. बाकीचं ते शिकवतील."

मामाला तोंड दिसू नये म्हणून भाची उठली.

"बरं, दातासाठी पांढरा तरी ढवळून ठेवते."

"राहू दे गं, तो डबा नको," मामा घाईने म्हणाला.

तोवर तिने डब्यावरचं फडकं बाजूला केलं होतं. ढवळायची काठी आत उभीच होती. तिने काठी धरून हलवली, तर काठीबरोबर अख्खा डबा वर आला.

मामा छताकडे बघू लागला. तिथे खराखुरा पंखा कुरकुरत फिरत होता.

भाचीने डबा हळूच खाली ठेवला. मोबाइल काढून 'येते' असं कळवलं. मग ओढणीने डोळे पुसले.

"थापाड्या. एक पाटी नाहीये तुझ्याकडे. मी थांबून काय ढवळू, हा दगड? जाते मी. आणि पुढच्या वेळी थाप मारायची असली, तर आधी ताजा डबा तरी फोडत जा."