सातशे तिसावा दिवस

एकोणीस वर्षं विमानात काढली, त्यातली नऊ पर्सर म्हणून. पर्सर म्हणजे केबिनमधल्या पोरापोरींची मुकादम. नातेवाइकांना वाटतं, मी जग बघते. डोंबल! मी हॉटेलांचे पडदे बघते.

पंचेचाळीस पूर्ण झाली की आमची कंपनी केबिनमधून नारळ देते. मला तीन महिने उरले होते. नोकरी गेली की माझा व्हिसा जाणार, माझ्या पदराला बांधलेला नवऱ्याचा जाणार आणि ठकीचाही. ठकी आमची लेक, चौदा वर्षांची. या परक्या देशात आणली तेव्हा तिला धड चालताही येत नव्हतं. तिला ‘चल आपल्या देशात’ म्हणायचं, तर तिचा देश हाच.

व्हिसाच्या एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, “बाई, तुमचा पेशा कुशल कामगारांच्या यादीत नाही.”

“अहो, साडेतीनशे माणसं नव्वद सेकंदांत विमानाबाहेर काढायची परीक्षा देते मी दरवर्षी!”

“यादीत केक सजवणारे आहेत,” तो थंडपणे म्हणाला. मेल्याच्या तोंडावर क्रीम फासावंसं वाटलं.

एकच वाट उरली होती. गेल्या पाच वर्षांत सातशे तीस पूर्ण दिवस इथे काढले असतील, तर कायमचं राहता येतं. निघायचा दिवस धरत नाहीत, परतायचाही नाही. परदेशवाऱ्या लिहायला अर्जात ओळी किती? सहा! नवऱ्याने वरून अकरा पानं जोडली.

बेरीज आली सातशे एकोणतीस.

“पुन्हा मोजतो,” नवरा म्हणाला. पुन्हा तेच. ठकी दारात उभी राहून ऐकत होती. ती खोलीत निघून गेली, आणि माझा जीव अर्धा झाला.

मग मला तो दिवस आठवला. सकाळी पासपोर्टवर बाहेर जायचा शिक्का बसला, प्रवासी बसले, दार लागलं आणि विमान बिघडलं. सहा तास जागेवर उभं. शेवटी सगळ्यांना उतरवलं आणि परत यायचा शिक्का मारून घरी पाठवलं. कागदावर मी त्या दिवशी देशाबाहेर होते. प्रत्यक्षात एक इंचही हलले नव्हते.

पण पुरावा? कंपनी ड्यूटीचे तक्ते वर्षभरात रद्दीत घालते. तक्रारी मात्र जन्मभर जपते. आणि त्या दिवशी बाविसाव्या रांगेतल्या एका गृहस्थाने माझी तक्रार केली होती! फाइलमधून ती काढून देताना ऑफिसातली मुलगी फिदीफिदी हसत होती.

व्हिसा ऑफिसात मुलाखतीला तिघंही गेलो. अधिकारी बाईंनी चष्मा लावून तक्रार मोठ्याने वाचली. “‘सकाळी नऊ ते दुपारी तीन विमान जागचं हललं नाही. कधी निघणार असं विचारल्यावर पर्सरबाई म्हणाल्या, साहेब, उतरून धक्का मारता का?’” बाईंनी वर पाहिलं. “असं म्हणालात?”

“हो,” मी म्हटलं. नाही म्हणून कुठे जाणार? “मेमोही मिळाला, मागे जोडलाय.”

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी पेनने आकडा खोडला आणि वर लिहिलं, ७३०. मी देवाला नाही, त्या बाविसाव्या रांगेतल्या खडूसाला हात जोडले.

“मुलीला एकच प्रश्न,” बाई ठकीकडे वळल्या. “आई तुमच्याबरोबर राहते ना?”

ठकी नखं बघत बसली. नवरा खोकला. विमान खड्ड्यात पडलं तरी माझ्या हातातला चहा सांडत नाही, पण तेव्हा हातातली फाइल खाली पडली.

“राहते,” ती म्हणाली.

शिक्का बसला. बाहेर येताच मी तिला कवटाळून पटापट मुके घेतले. नवरा तर लिफ्टपाशी नाचायचाच बाकी होता.

“आई, मी खोटं बोलले,” ठकी माझ्या कानाशी म्हणाली.

“कशाबद्दल गं?”

“तू राहत नाहीस. तू येतेस.”

मी तिथल्याच बाकावर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. ठकी पाठीवरून हात फिरवत राहिली. “पुरे गं,” म्हणाली, “लोक बघतायत.”