रिकाम्या गोठ्याची दलाली

“एवढंच?” मी शिलाई मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. “आन बाकीचं ऐंशी?”

आमचे हे माठापाशी गेले, पाणी प्यायले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “सहादेवरावांनी दिलं. घेनाऱ्याची बाजू चुकती झाली.”

“आन इकनाऱ्याची?”

“गोजरबाईचं न्हाई घेतलं.”

झालं! कुणाचं तरी झंपर तसंच सुईखाली राहिलं. चार महिने हा माणूस श्रीरामपूरच्या गल्लीबोळांतून घर दाखवत हिंडला होता. त्या सकाळी कुठे कचेरीत खरेदीखत झालं. सौदा आठ हजारांचा, दलाली शेकडा एक, घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून. एवढा हिशेब मला येतो, मी सातवी पास आहे.

आणि ही काही साधी दलाली नव्हती, घरांच्या धंद्यातली त्यांची पहिलीच दलाली होती. माझा भाऊ काकासाहेब साखर कारखान्याच्या गेटवर जमादार. त्यानं साहेबाच्या हातापाया पडून ह्यांच्यासाठी रखवालदाराची जागा धरून ठेवली होती. दर महिन्याला पगार, वर अंगावर खाकी कपडे. मी ह्यांना बजावून ठेवलं होतं, पहिली दलाली पुरी घरात आली तर खुशाल करा हा धंदा, नाहीतर सरळ गेटवर उभे राहा. त्यांनीही कबूल केलं होतं. पण गेटचं नाव काढलं की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. त्यांना चालायला लागतं, दहा जणांशी बोलायला लागतं. दिवसभर एका जागी उभं राहिलं तर हा माणूस आजारी पडेल, हे मला काय कळत नव्हतं? पण घर तर चालायला पाहिजे ना.

आमचे मामंजी लोणीच्या बैलबाजारात दलाल होते. हेही त्यांच्यामागे तिथेच शिकले. मामंजींचा एक नियम होता. ज्याच्या दावणीला आणखी जनावर आहे त्याच्याकडून हक्कानं दलाली घ्यायची, पण जो शेवटचं जनावर विकून गोठा रिकामा करतोय त्याचा पैसा घ्यायचा नाही. चांगला नियम होता, मी नाही म्हणत नाही. बऱ्या दिवसांत वर्षाकाठी असा एखादाच भेटायचा. मग बहात्तर साल आलं, पाऊस गेला आणि बाजारात येणारा जो तो गोठाच रिकामा करायला आलेला! हे सकाळी जायचे, सौदे लावून द्यायचे आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी परत यायचे. वर जेवताना सांगायचे, “लई चांगला बैल हुता गं.”

शेवटी बैलांचा नाद सुटला आणि हे घरांच्या दलालीला लागले. कारखान्याचा पगार घेणारी माणसं तेव्हा गावात घरं बघायला लागली होती. मेन रोडवर राधाकृष्ण शेठ म्हणून जुने दलाल. हे त्यांना विचारायला गेले की नव्या माणसाला यात काय सुटतं. शेठ म्हणाले, “बन्सी, पहिल्या वर्षी दोन सौदे जमले तर पेढे वाट. त्यातला एक दलाली न देता नुसता चहा पाजून तुला वाटेला लावील, हे धरून चाल.” तेवढ्यावरही आमचे हे खूश. घरी येऊन मला म्हणतात, “म्हंजी एक तर पक्का हाय!”

तर तो पक्का सौदा हा होता, आणि त्यातलाही अर्धा सोडून आले होते.

“पन का न्हाई घेतलं?” मी विचारलं.

“तिचं शेवटचं घर हुतं ते. बाबांचा नियम तुला ठावं हाय.”

हसावं की रडावं मला कळेना. “अवो, घर इकनाऱ्याचं शेवटचंच असतंय! कोन बसलंय हितं चार घरं दावनीला बांधून? ह्या हिशेबानं तुमाला जन्मात कुनाकडनं दलाली मिळंल का?”

चार महिन्यांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती, देवाशप्पथ! “ह्ये खरं हाय गं तुजं,” असं म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. अशा नवऱ्याशी माणसानं भांडावं तरी कसं?

मी पदर खोचला आणि निघाले. गोजरबाई राहात्याला लेकीकडे कायमची चालली होती, जायच्या आत तिला गाठायला हवं होतं. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. रिटायर झाल्यावर त्यानं दोन खोल्यांचं ते घर बांधलं आणि आदल्या साली तो वारला. वाटेनं जाताना मी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं. मावशी, तुमचं दुःख मला कळतंय, पण आमालाबी प्वाट हाय, असं.

दारात जावयाची बैलगाडी उभी होती. गादीची वळकटी, भांड्यांची पोती, उलटी ठेवलेली खाट. गोजरबाई ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. मला बघितलं आणि म्हणाली, “बन्सीची बायकू न्हवं तू? बरं झालं आलीस. तुज्या घरावनंच गाडी नेनार हुते. मला भांडायचं हाय.”

घ्या! भांडायला मी आलेले, आणि बाईनं माझ्या तोंडचं पळवलं.

“तुज्या मालकानं माजं पैसं घेतलं न्हाईत,” ती म्हणाली. “कचेरीत चारचौघांत म्हनतो, राहू द्या मावशी, तुमचा गोठा रिकामा झाला. मी काय भीक मागाय चालले का? लेकीच्या घरी चालले. आधी एक दलाल आला हुता, तो बूट घालून चुलीपातुर गेला, भितीवर टिचक्या मारीत. ह्यो तुजा बन्सी गिऱ्हाईक घिऊन आला की दरवेळी उंबऱ्याभाईर थांबायचा. मावशी, यिऊ का आत, म्हनायचा. घर माजं हाय ह्ये त्यानं शेवटपातुर माज्या ध्यानात ठिवलं. मग त्याची दलाली बुडवून मी जाऊ व्हय?”

तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा माझ्यापुढे धरल्या.

मागायला म्हणून आलेले मी, पण घेताना खरंच लाज वाटली. तरी घेतले. नको म्हटलं असतं तर त्या बाईला खाली बघावं लागलं असतं. “मावशी, त्यांच्या मनात वाईट न्हवतं,” एवढंच म्हणाले.

“ते मला कळतंय गं. सांग त्याला, असंच कर धंदा. पन पैसं घेत जा म्हनावं.”

जावयानं बैल जुंपले. गोजरबाईनं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसडा देऊन बघितलं. किल्ली कनवटीला खोचली आणि गाडीत चढून बसली.

ती किल्ली दिवेलागणीच्या आत सहादेवरावांना पोचवायची होती. कचेरीत तसं ठरलेलं, आणि पोचवायची जबाबदारी आमची. मावशी, किल्ली, एवढंच म्हणायचं होतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खा बाजार डोक्यावर घेणारी मी, पण ते दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात. गाडी हलली, गल्लीच्या टोकाला पोचली. आता घरी जाऊन काय सांगायचं, असा विचार करत मी तिथेच उभी राहिले.

वळणावर गाडी थांबली. गोजरबाई खाली उतरली आणि एकटीच चालत परत आली. तिनं कनवटीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं आपल्या हातानं मिटली.

“नव्या मानसांना सांग,” ती म्हणाली, “पावसाळ्यात दार फुगतं. जरा वर उचलून लावलं की लागतं.”

घरी येऊन मी पैसे आणि किल्ली ह्यांच्यापुढे ठेवली. काय झालं ते सांगितलं, आणि म्हटलं, “किल्ली दिऊन या. येताना काकासाहेबाला सांगा, गेटवर दुसरा मानूस बघ म्हनावं.”

त्यांनी पैशांकडे बघितलंही नाही. किल्ली उचलली, जरा वेळ हातात धरून ठेवली.

“किल्ली तिच्याकडं मागावी लागली का गं?”

“न्हाई.”

“बरं झालं,” हे म्हणाले, आणि दार उचलून लावायचं पुटपुटत, अनवाणीच निघाले.