चुलीवरची बाटली

"नर्सबाई, डब्याचं दूध पिणारं पोर मोठं झाल्यावर आईला सोडून डब्यालाच आई म्हणते का?"

सुधानं असं विचारलं मात्र, अख्खा वर्ग खिदळला. मागच्या बाकावर छाया आणि विजया तोंडात वेण्यांची टोकं कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. 'विचारून दाखव, नाही तर तू भित्री,' असं म्हणाल्या होत्या. सुधाला भित्री म्हणायचं म्हणजे काय! हल्ली ती कोणाच्या बापाला भीत नव्हती.

देवी टोचायला आलेल्या नर्सबाईही हसल्या. "नाही म्हणत. कोणाच्या घरी आहे डब्याचं दूध?"

"आमच्या. वच्छलाताई बाळंतपणाला सौंसरला आली आहे. तिच्या छातीत गळू झालं, डॉक्टरांनी अंगावर पाजणं बंद केलं. भाऊजींनी नागपूरहून डबा आणला. आई म्हणते, परराज्यातलं दूध, पोरीला पचेल कसं?"

पुन्हा हशा. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडे मध्य प्रदेशातच राहिलो, तेव्हापासून नागपूरची कंगवा-टिकली आली तरी गावात हाच विनोद चालायचा. नर्सबाई मात्र या वेळी हसल्या नाहीत.

"पचत नाही म्हणजे?"

"परवापासून हगवण लागली आहे."

"बाटली कशात उकळता?"

उकळता? सुधाच्या डोळ्यांसमोर आई आली. विहिरीपाशी बसून राखेनं बाटली घासणारी, गार पाण्यानं खळखळून धुणारी आणि बाहेरच्या कोनाड्यात ठेवणारी. आत आणायची सोयच नव्हती. पोरीच्या तोंडातली बाटली ती, उष्टी. त्यावर रबरी बोंड, ते कशाचं बनलेलं कोण जाणे. दूध कालवायची तेसुद्धा आई बाहेरच, गरम पाणी वरून ओतून.

"नाही उकळत," ती म्हणाली. आवाज आपोआप खाली गेला.

"अगं, त्या बोंडात जुनं दूध नासून बसते. तेच तुम्ही लेकराच्या पोटात घालून राहिले! आज जा आणि बाटली, बोंड, चमचा, सगळं बुडेल एवढ्या पाण्यात चांगलं उकळ. मी संध्याकाळी येऊन बघते." मग त्या जरा वाकून हळूच म्हणाल्या, "उशीर नको करू. एवढासा जीव असतो."

सुधा घरी पळाली नाही. पाय आपटत गेली. संत्र्यांच्या बैलगाड्यांमधून वाट काढताना तिला राग येत होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. आणि मग कळलं. डॉक्टर आले होते त्या दिवशी त्यांच्या हातावर पाणी घालायला तीच तांब्या घेऊन उभी होती. "बाटली उकळून घेत जा, मास्तर," ते म्हणाले होते. आणि बाबांनी मान हलवली होती.

मान हलवली होती!

घरात वच्छलाताई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर रडत होती, पण आवाज निघत नव्हता. टाळू खोल गेली होती. आई मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढत होती. सुधानं कोनाड्यातली बाटली उचलली, सरळ स्वयंपाकघरात शिरली, भाताचा गंज ओढून त्या पातेल्यात पाणी घेतलं, बाटली त्यात बुडवली आणि गंज चुलीवर चढवला.

"अव सुधे!" आई धावत आली. "ते कायले आत आणलं? उष्टं बोंड माह्या चुलीवर? ह्याच गंजात सकाळी नैवेद्याचा भात झाला!"

"नर्सबाईनं सांगितलं."

"नर्सबाई गावभर हात लावत फिरते, ते चालते! अन् मी राखेनं घासून राहिली ते? माह्या लेकीचं लेकरू आहे ते, मले माया नाही काय?"

माया होती. राखेनं आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्या भेगा बघून तर सुधाला जास्तच चीड आली. आईनं सांडशीनं गंज उचलला, बाटली बाहेर काढली आणि पाणी चुलीतच ओतलं. फस्सकन वाफ उठली, राख उडाली.

दारात बाबा येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं! बाटली उकळा म्हणून!"

बाबांनी चष्मा काढला. "सांगितलं होतं. पण स्वयंपाकघरात मी काय बोलणार? तुझ्या आईला चालत नाही."

"मग मला सांगायचं! ताईला सांगायचं! शाळेत टेबलावर छडी आपटून पोट्ट्यांकडून घोकून घेता ना, पाणी उकळून प्यावे? ते काय परीक्षेपुरतं?"

"सुधा, तोंड सांभाळ."

पण आई सुधाकडे बघतच नव्हती. ती बाबांकडे बघत होती. "डॉक्टरनं सांगितलं होतं? अन् तुम्ही मले बोलले नाही?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मले वाईट वाटन!" आईच्या हातात सांडशी तशीच राहिली. "अहो, मी रोज त्याच बाटलीनं पाजून राहिली तिले!"

पलीकडच्या खोलीतून वच्छलाताईचा आवाज आला, "आई, ही डोळे उघडून नाही राहिली व."

सुधा खाली बसली. ओली राख हातानं उकरली, कोरडी काटकी लावली, डोळ्यांत धूर जाईपर्यंत फुंकलं. जाळ धरला. तिनं पुन्हा गंज भरला, बाटली, बोंड आणि चमचा आत सोडले आणि चुलीकडे पाठ करून उभी राहिली.

"दोघंही ऐका. आजपासून बाटली मी उकळणार. याच चुलीवर, याच गंजात, प्रत्येक वेळी. शाळा बुडाली तर बुडू द्या. संध्याकाळी नर्सबाई येणार आहे, तिला मी आत घेणार, पाटावर बसवणार. ज्याला या चुलीचा विटाळ होत असेल, त्यानं अंगणात आपली दुसरी चूल मांडावी. मी इथून हलणार नाही."