नावाचं कडवं

माझ्या बहिणीचं नाव सध्या एका दुसऱ्याच बाईच्या अंगावर आहे, आणि ते तिला आम्हीच नेसवलं. लोक विचारतात, सिनेमावाल्यांनी फसवलं का? नाही. फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मला भांडता येतं. नागपूरच्या जरीपटक्यात आमचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे, तिथे बसून मी दिवसभर दुसरं काय करते?

बहीण माझ्यापेक्षा लहान, नाव दीपमाला. प्रताप नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि गाणी करते. लिहिते तीच, चाल तीच लावते, पेटीवर म्हणतेही तीच. गाणी आमच्या गावच्या, खाप्याच्या बोलीतली. कन्हान नदीची रेती, सासरी जाऊन फोन न करणारी मैत्रीण, बंद पडलेला हातमाग, असले विषय. घरात मात्र तिला दीपमाला कोणी म्हणत नाही. आईने ठेवलेलं एक हाकेचं नाव आहे. आई गेल्यापासून ते वापरणारे बाबा आणि मी, दोघंच उरलो.

गाण्याचं वेड बाबांकडून आलं. आमचे बाबा, नत्थूजी, यांनी शेती केली ती पोटासाठी. जीव होता खाप्याच्या भजनी मंडळात. त्या मंडळाचा एक नियम आहे. गाणं ज्याने बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे. आणि नावाची ओळ यायच्या आधी सगळे टाळ थांबतात. ती ओळ गायची एकट्याने, मोकळ्या गळ्याने. मग टाळ पुन्हा सुरू. बाबा त्याला नावाचं कडवं म्हणतात. दीपमालाची गाणी नव्या वळणाची, पण हा नियम तिने एकदाही मोडला नाही. तिचं रेतीचं गाणं असं संपतं:

पाऊल उमटे रेतीवरती, पानी आलं की पुसे
खाप्याची दीपमाला सांगे, पुसलं तरी असे

या दोन ओळींच्या मध्ये टाळ थांबतात.

आर्यन नावाच्या दिग्दर्शकाने हे गाणं कुणाच्या तरी फोनवर ऐकलं आणि तो थेट खाप्याला आला. मूळचा नागपूरचाच पोरगा, वागायला चांगला. म्हणाला, सिनेमात सगळी गाणी दीपमालाताईंचीच घ्यायची, त्यांच्याच आवाजात. हिरोईन नुसते ओठ हलवेल. गाण्यांचा वेगळा अल्बमही निघेल. सिनेमाची गोष्ट त्याने या गाण्यांवरूनच रचली होती: विणकरांच्या गावातली गोपिका नावाची मुलगी नागपुरात नोकरीला येते आणि गाणी करते. आम्ही सगळं मान्य केलं. मग तो हळूच म्हणाला की शेवटचं कडवं तेवढं गाळावं लागेल.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"काका, पडद्यावर गोपिका गाऊन राहिली ना. ती स्वतःले दीपमाला कशी म्हणेल? एक कडवं कापलं तर काय बिघडते?"

"मान कापून राहिला तू," बाबा म्हणाले, "आन म्हनतो बाकी अंग आहे ना."

आर्यनने दीपमालाच्या जागी गोपिका घालून पाहू म्हटलं, तेव्हा तर बाबा घरापुढच्या छपरीतून उठून आत निघून गेले. दीपमालाही ठाम होती. गाणी द्यायची तर नावासकट, नाहीतर नाही. तिचं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं होणार होतं आणि तिने ते या एका ओळीवर टांगून ठेवलं. मला तिचा अभिमान वाटला, हे मी आजही सांगते.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग आर्यनचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "तोडगा निघाला, काका. एक अक्षरही नाही कापत. हिरोईनचंच नाव दीपमाला केलं. गावही खापा."

बाबांनी गावात पेढे वाटले. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बातमी सांगितली, ज्यांना फक्त पडद्याच्या कड्या हव्या होत्या त्यांनासुद्धा. दीपमाला तेवढी म्हणाली, "बाबा, तिले माझं नाव काहून देऊन राहिले?"

"मान देऊन राहिले वं तुले," बाबा म्हणाले. "नाव राह्यलं ना गान्यात? मंग झालं."

आमचं चुकलं ते इथे. नाव गाण्यातून जाऊ नये म्हणून आम्ही तिघं दाराशी पहारा देत बसलो, आणि ते नाव कुणाच्या तोंडी जाणार हे कुणी पाहिलंच नाही. पण भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला ते सुचणार तरी कसं? तिथे जो बांधतो तोच गातो. गाणारा एक आणि तोंड हलवणारा दुसरा, हा प्रकार खाप्यात नव्हता.

सिनेमाचं नावही 'खाप्याची दीपमाला' झालं. पहिल्या दिवशी गावची मंडळी जीप करून नागपूरला आली. रेतीचं गाणं लागलं. बहिणीचा आवाज एवढ्या मोठ्या थेटरात घुमला. वाद्यं बसवणाऱ्याने टाळ थांबण्याची जागासुद्धा जशीच्या तशी ठेवली होती. टाळ थांबवायला बाबांचा हात सवयीने वर गेला. त्या शांततेत हिरोईनचा चेहरा पडदाभर झाला, तिने आमच्याकडे बघितलं आणि नाव सांगितलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाबांचा हात वरच राहिला.

"ही कोन वं?" त्यांनी मला विचारलं.

"हिरोईन आहे, बाबा."

"ते दिसून राहिलं मले. आपलं नाव काहून सांगून राहिली?"

पलीकडे दीपमाला बसली होती, ती पडद्याकडे पाहत राहिली. तिचं नाव, आडनावासकट, अगदी शेवटी आलं. तोवर लोक उठून दाराकडे निघाले होते आणि आम्हाला ते कुणाच्या तरी खांद्यावरून वाचावं लागलं.

अल्बम सिनेमापेक्षा जास्त चालला. त्याच्या चित्रावर हिरोईनचा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरात दीपमाला. अल्बम उघडून आत गेलं की गीत, संगीत, स्वर, सगळ्यांपुढे माझ्या बहिणीचं पूर्ण नाव आहे. पण आत कोण जातं? ऑटोत तेच गाणं, लग्नाच्या लॉनवर नवरी आत आली की तेच गाणं. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं मला सांगायची, "दीपमालाची गाणी ऐकली का तुम्ही? काय आवाज आहे हो त्या हिरोईनचा." मी सुरुवातीला प्रत्येकाला खरं काय ते सांगायचे. लोक "हो का" म्हणायचे आणि कापडाचा रंग जाईल का ते विचारायचे.

नवरात्रात प्रताप नगरच्या मंडळाने शारदोत्सवात तिचा कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालन करणारी प्रीती म्हणाली, "आता 'खाप्याची दीपमाला'ची गाजलेली गाणी ऐकू या, आपल्याच कॉलनीतल्या मॅडमच्या आवाजात." दीपमाला गायली, नेहमीसारखीच. शेवटच्या कडव्याशी ती थांबली आणि तिने तोंड उघडायच्या आत सगळ्या मांडवाने ती ओळ म्हणून टाकली. लोक हौसेने म्हणत होते. तिला फक्त पेटी धरून बसावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर एक कॉलेजची मुलगी फोटो काढायला आली. "मॅडम, हुबेहूब म्हणता तुम्ही. अगदी दीपमालासारखं."

"मीच दीपमाला आहे," बहीण म्हणाली.

मुलगी हसली. "हो ना मॅडम. हे गाणं म्हटलं की मलेपण तसंच वाटते."

मी उठले. आता हिला चांगलं ऐकवायचंच, असं ठरवून उठले. दीपमालाने माझा हात धरला. "राहू दे ताई. ती चांगलंच बोलून राहिली."

मी आर्यनला फोन केला आणि माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर काढलं. तो म्हणाला, "पण ताई, मी तर नाव वाचवलं होतं." आवाज अगदी रडवेला. त्याने खरंच वाचवलं होतं. त्याच्याशीही भांडता येईना.

त्यानंतर तिने गाणं करणं बंद केलं. शाळा, घर, वह्या तपासणं. पेटीवर कपड्यांच्या घड्या दिसायला लागल्या. विचारलं की म्हणायची, वेळ नाही. मला त्या पेटीची भीती वाटायला लागली.

दिवाळीत आम्ही दोघी खाप्याला गेलो. भाऊबीज आमच्याकडे नसतेच, भाऊच नाही, म्हणून त्या दिवशी बाबा छपरीत टाळ घेऊन बसतात आणि आम्ही गातो. दीपमाला नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण तिने बाबांची जुनी पेटी ओढली आणि नवीन गाणं काढलं. आईचं होतं. आई हातमागावर बसायची, धोटा इकडून तिकडे टाकताना आम्हाला हाका मारायची, ते. कधी केलं, मला पत्ता नाही. बाबा डोळे मिटून टाळ धरत होते.

शेवटच्या कडव्याची पहिली ओळ झाली. बाबांनी टाळ थांबवले. दीपमालाने पेटीचा भाता बंद केला.

आम्ही वाट पाहिली. बाबांनी डोळे उघडले. "नाव?"

"नाही टाकलं."

"काहून?"

"टाकलं तर लोक म्हणतील, सिनेमातलं उचललं. ते नाव आता माझं नाही राहिलं, बाबा."

बाबांनी टाळ खाली ठेवले नाहीत. मग त्यांनी स्वतःच, फाटक्या आवाजात, तिच्याच चालीवर ती राहिलेली ओळ म्हटली. खाप्याची, आणि पुढे आईने ठेवलेलं ते हाकेचं नाव, सांगे. चालीत ते बरोबर बसलं. मग त्यांनी टाळ वाजवले.

दीपमाला पेटीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले.

"बांधनाऱ्यानं नाव टाकाव, हा नियम," बाबा तिला म्हणाले. "तो विसरला तं बाकीच्यायनं आठवन द्याव."

आता ती पुन्हा गाणी करते आणि प्रत्येकात तेच नाव टाकते. आर्यनला नवीन सिनेमासाठी ही गाणी हवी आहेत. शेवटच्या ओळीत कोणतं नाव आहे, असं तो मला फोन करून विचारतो. तुम्हीही विचाराल. मी त्यालाही सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने खाप्याला यावं, आमच्या छपरीत बसावं आणि टाळ थांबेपर्यंत थांबावं.