उताऱ्यातला सुखी म्हातारा

नागपूर महानगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून धर्मराज खोब्रागडे निवृत्त झाले आणि अमेरिकेत आल्यावर आठवडाभरातच त्यांच्या ध्यानात आलं, की इथे ते सगळ्यांनाच येतं. माणसाचा धंदाच बसावा, तसं त्यांना झालं. लेक उपासना स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात कीटकांवर पीएच.डी. करत होती. ती सकाळी आठच्या बसने कॅम्पसवर जाई ती संध्याकाळी परते. तोवर धर्मराज टीव्हीवर बोलणाऱ्यांचं व्याकरण सुधारत बसत. टीव्हीवाल्यांनी त्यांची दखल घेतली नाही.

जूनमधल्या एका सकाळी खिडकीखालच्या पार्किंग लॉटमधून आवाज आला. चाळिशीला टेकलेली एक चिनी बाई कचऱ्याच्या मोठ्या पेटीकडे तोंड करून, हात मागे बांधून, खणखणीत इंग्रजी म्हणत होती. वाचत नव्हती, अख्खा धडा पाठ म्हणत होती. धर्मराज सपाता घालून खाली उतरले.

"गुड मॉर्निंग. तिसऱ्या वाक्यात तुमचा एक 'द' राहिला."

दुसरी कोणी असती तर पोलिसांना बोलावलं असतं. या बाईने कानामागची पेन्सिल काढून वहीत खूण केली आणि म्हणाली, "थँक यू, टीचर. चौथं वाक्य ऐका."

टीचर! अमेरिकेत आल्यापासून त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. धर्मराजांनी पुढची अकरा वाक्यं उभ्याने ऐकली.

बाईंचं नाव लान. समोरच्याच अपार्टमेंटमध्ये राहत. लांचौ शहरात अकरा वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होत्या. नवऱ्याला इथे संशोधनाची नोकरी मिळाली म्हणून आल्या आणि व्हिसाच्या कागदावर 'अवलंबून' झाल्या. आता त्यांना विद्यापीठात केमिस्ट्रीच्या एम.एस.ला जागा मिळाली होती, पण एका अटीवर. विद्यापीठाच्या इंग्रजीच्या परीक्षेत पन्नासपैकी चाळीस मिळवायचे. दोनदा हुकलं होतं. तिसरी आणि शेवटची संधी बारा ऑगस्टला. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला.

दुसऱ्या दिवसापासून उपासनाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरली. लानबाई एक लाल पुठ्ठ्याचा शब्दसंग्रह घेऊन आल्या. त्यातला पहिला शब्द होता 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. चीनमध्ये लाखो मुलं या पुस्तकाची सुरुवात करतात आणि बरीचशी पहिल्याच शब्दाचं म्हणणं ऐकतात, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्या स्वतः झेडपर्यंत जाऊन दोनदा परत आल्या होत्या.

"पण सगळं पाठ का करता?" धर्मराजांनी विचारलं.

"शाळेत पुस्तक एक, मुली नऊ. मला मिळायचं मंगळवारी. बुधवारी परत."

 धर्मराजांच्या वस्तीतल्या वाचनालयात इंग्रजी व्याकरणाचं एकच पुस्तक होतं आणि तेही घरी न्यायची परवानगी नव्हती. पंधराव्या वर्षी ते त्यांनी तिथेच उभ्या उभ्या, कव्हरावरच्या किमतीसकट पाठ केलं होतं. त्या दिवशी त्यांनी लानबाईंना आल्याचा चहा करून दिला. लानबाईंनी तो औषधासारखा, आदराने प्यायला.

व्याकरणात बाई पक्क्या झाल्या. शब्द तर त्यांच्याकडे धर्मराजांपेक्षा जास्त निघाले. हे धर्मराजांनी दोन दिवस स्वतःपासून लपवलं आणि तिसऱ्या दिवशी मान्य केलं. पण जुलैच्या सुरुवातीला सरावाची प्रश्नपत्रिका सोडवली तेव्हा लानबाईंना सदतीस मिळाले. बरोबरीने बसलेल्या धर्मराजांना चव्वेचाळीस. आणि उताऱ्यांवरचे चार प्रश्न दोघांचे चुकले होते. तेच चार. उत्तरंही तीच.

"छापणाऱ्याची चूक," धर्मराज म्हणाले.

"उत्तरसूची खराब," लानबाई म्हणाल्या.

संध्याकाळी उपासना आल्या आल्या तिला पंच नेमण्यात आलं. उतारा वॉल्टर नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थावर होता. बायको वारलेली. एक मुलगा ॲरिझोनात, मुलगी ओरेगनमध्ये. हे एकटे राहतात, पाचला सूप पितात, पक्षी बघतात. रविवारी मुलांचे फोन येतात. लेखकाच्या मते वॉल्टर कसे आहेत? ए : एकाकी. बी : संतापलेले. सी : समाधानी. डी : गोंधळलेले.

"सी," उपासना म्हणाली. "इट्स ऑब्व्हियस, बाबा."

"ए!" दोघं एका सुरात म्हणाले.

"मुलं लांब. सूप डब्यातलं," लानबाई म्हणाल्या. 'डब्यातलं' त्यांनी अशा स्वरात म्हटलं, की वॉल्टरचे दिवस भरलेच.

"अहो, पण इथे क्लिअरली लिहिलंय ना, की तो मजेत आहे."

"लिहिलंय गं," धर्मराज म्हणाले. "लेकरांच्या जिवाला घोर नको म्हणून माणूस सांगतोच तसं."

उपासनाने कागद खाली ठेवला. "मग तुम्ही पण दर रविवारी फोनवर मला तसंच सांगता का?"

पत्नी रत्नाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. धर्मराज नागपूरला एकटेच राहत होते. लेक कितीदा म्हणाली होती, आता इथेच राहा. त्यांनी मजेत आहे म्हणून सांगितलं होतं आणि ऑक्टोबरचं परतीचं तिकीट काढूनच आले होते.

"काय म्हणाली?" मराठी न समजलेल्या लानबाईंनी विचारलं.

शिक्षकाला भाषांतर टाळता येत नाही. धर्मराजांनी ते इंग्रजीत नीट करून सांगितलं. लानबाईंनी पेन्सिल सरसावली.

"मग टीचर? तुमचं उत्तर?"

वर्गात फळ्यासमोर उभं राहून त्यांनी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. ते सावकाश बोलू लागले. पहिलं वर्षभर 'ए' होतं. मग विहारात संध्याकाळी दहावीच्या मुलांचा वर्ग सुरू केला. चार पोरं आली, आता चाळीस येतात, त्यातली पाच अभ्यास करतात. सकाळी चालणं. पेपर. चहात आलं हवं तेवढं, कोणी बोलत नाही.

"आता सी," ते म्हणाले, आणि ते खरं असल्याचं ऐकून स्वतःच जरा चकित झाले. "रविवारी फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं ए. मग पुन्हा सी."

उपासना उगाचच सिंकमधली भांडी घासायला लागली. लानबाईंनी मात्र पंधरा मिनिटांसकट सगळं वहीत उतरवून घेतलं.

"टीचर, आपण चुकलो नाही," त्या म्हणाल्या. "आपण आपल्या घरातून वाचलं. परीक्षा त्यांच्या घरातली. मग त्यांना विचारलं पाहिजे."

आणि ही बाई, जी तोवर इंग्रजी फक्त कचऱ्याच्या पेटीशी बोलत होती, दुसऱ्या दिवसापासून उतारे पर्समध्ये घेऊन माणसांना विचारत सुटली. वाढदिवसाला एकटाच तंबू ठोकून जंगलात राहणारा माणूस दुःखी की आनंदी, हे कॅम्पसच्या बसच्या ड्रायव्हरला. चांगली नोकरी सोडून मेंढ्या पाळणारी बाई शहाणी की वेडी, हे लायब्ररीतल्या काउंटरवर. अठराव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलीची आई रडत का नाही, हे लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आजीबाईंना. अमेरिकन माणसाला मत विचारलं आणि त्याने नाही म्हटलं, असं घडत नाही. ड्रायव्हर तर लाल दिव्याला मागे वळून मुद्दा पुढे चालवी. धर्मराज सोबत जात, पण दोन पावलं मागे राहत. इतकी वर्षं शिकवून, परक्या माणसाला असं जाऊन विचारायचं धाडस त्यांना एकदाही झालं नव्हतं. जुलैअखेर लानबाई सव्वीस जणांशी बोलल्या होत्या. पार्किंग लॉटमध्ये सकाळचं पठण तरीही चुकलं नाही.

बारा ऑगस्टला परीक्षा झाली. आठवड्याने परीक्षेच्या ऑफिसमधल्या फळ्यावर यादी लागली. लानबाई दारातच थांबल्या.

"टीचर, तुम्ही बघा."

धर्मराजांनी हजारो निकाल वाचून दाखवले होते, चेहऱ्यावरची रेष न हलवता. आज नंबरावरून बोट फिरवताना त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. लानबाईंच्या नंबरापुढे त्रेचाळीस. ते वळले. त्यांनी लानबाईंना हातानेच बोलावलं.

लानबाईंनी आकडा पाहिला, पट्टी लावून ओळ तपासली आणि मग धर्मराजांचे दोन्ही हात धरून चिनी भाषेत बोलायला लागल्या. मिनिटभर, भडाभडा, रडत, हसत. धर्मराजांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग तितकंच लांबलचक उत्तर दिलं, शुद्ध नागपुरी मराठीत. लानबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

काउंटरमागच्या बाईने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. मग पुढे वाकून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने विचारलं, की तुम्हा दोघांना इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म हवाय का.