शिंपल्याचं बटण

शिंपल्याचं ते बटण मुठीत घामानं चिकट झालं होतं — चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं — आणि आयुष्यभर सुया टोचून तिची बोटं जाड झाली होती, तरी तो टवका नखाला बरोबर लागत होता. शाळेच्या त्या वर्गात मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेली ही मोठी माणसं, सगळी जुगार सोडायला आलेली. खडूचा वास, ओल्या बुटांचा वास, कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. ह्या लोकांत मी कशाला? आणि मग लगेच — ह्यांच्यात नाही तर कुठे?

"तिथे गेल्याशिवाय चिमणी तुझ्याकडे राहणार नाही, आई," लेक म्हणाली होती. आवाज न चढवता. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी चिमणीची शाळा सुटली तेव्हा ती घरी शिलाई मशीनपाशी बसून मोबाईलवर पत्ते खेळत होती... हा एवढा डाव, मग निघू... आणि नात शाळेच्या फाटकाशी उभी, ओल्या मोज्यांत, कारण बाथरूमला जायचंय हे सांगायचं कुणाला ते तिला कळलं नव्हतं. धापा टाकत पोचल्यावर, ते मोजे बघूनसुद्धा, मनात पहिलं काय आलं होतं? — डाव जिंकला. शी.

आणि हे बटण. केवढ्या लाडानं तिनं त्याची गोष्ट सांगितली होती, गिऱ्हाइकांची मापं घेता घेता, लेकीला, चिमणीला! वडील कारखान्यातून आले की बटणांचा डबा फळीवरून खाली यायचा, दिव्याखाली पत्ते पडायचे, वडील खोकत खोकत म्हणायचे, "घाबरतेस काय? लाव!" आणि एका डावात तिनं हे जिंकलं — आईच्या एकुलत्या एका चांगल्या कोटाचं. गोष्ट इथेच संपायची आणि ऐकणारे हसायचे. पण आज, ह्या बाकावर, गोष्ट थांबेना. डबा बाजूला झाला आणि दाराशी आई दिसली, छातीशी कोटाला बटणाऐवजी पिना लावून बाहेर निघालेली... त्या थंडीत रोज तशीच निघायची... आणि दिव्याखाली आम्ही दोघं हसत होतो.

गट चालवणारी नर्स एकेकाला बोलतं करत होती. एक गवंडी बोलता बोलता रडला. तो रडणार हे आपण आधीच धरलं होतं, हे तिला तेव्हा कळलं, जेव्हा छातीत डाव जिंकल्याची ती ओळखीची ऊब पसरली.

शेजारी बसलेला न्हावी ओठ न हलवता पुटपुटला, "पुढच्या बाई नाही रडायच्या. लागला चहा?"

"रडतील," ती म्हणाली. पाय घसरावा तसं सुटलं तोंडातून.

पुढची बाई पोस्टात नोकरी केलेली. भावानं कसं तोडलं ते कोरडेपणानं सांगत होती, रुमालाची घडी घालत, मोडत. बाईचं बोलणं ती ऐकत नव्हती. ती रुमालावर डोळा ठेवून होती. रड ना, बाई. रड की एकदाची... आणि बाईचा आवाज फाटला.

न्हाव्यानं मांडीवर बोट आपटलं — तुमचा चहा.

तोंडाला पाणी सुटलं. खरोखर सुटलं, भुकेल्या कुत्र्यासारखं, आणि ते गिळताना तिला स्वतःची अशी शिसारी आली की आपलंच तोंड घासून काढावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभसुद्धा जळला नव्हता.

"मावशी, तुम्ही बोलता? नसेल बोलायचं तर राहू द्या," नर्स म्हणाली.

ती उठली. फाटक, मोजे, नात — सगळं सांगायचं म्हणून मनात जुळवून आणलं होतं.

"मी आत्ता पैज जिंकले," ती म्हणाली. "ह्या बाई रडतील म्हणून. एक चहा."

न्हाव्याचे कान लाल झाले. "पैज मी काढली होती," तो बाकाकडे बघत म्हणाला.

गवंड्यानं नाक पुसलं. "माझ्यावर नव्हती ना लावली कुणी?"

"मी लावली होती. मनातल्या मनात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू नये तिथे दोघंतिघं हसले.

पोस्टातली बाई हसली नाही. तिनं रुमाल खाली घेतला आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं, शिक्का नीट उमटला नाही की बघतात तसं. "जिंकलात ना? मग तो चहा मला पाजा."

निघताना नर्सनं दोघींना समोरासमोर उभं केलं. "हात शिवशिवले की आधी एकमेकींना फोन. मग बाकीचं."

"करा," बाई म्हणाली. "रडत असले तरी उचलेन. पैज मात्र लावू नका."

रस्त्यावर वारा होता. रविवारी पाठवेल लेक चिमणीला? पाठवेल... नाही पाठवायची... आणि मन लगेच मांडी ठोकून बसलं, पत्ते पिसायला लागलं, जिभेखाली पुन्हा ते पाणी. ती गटाराशी थांबून थुंकली. बटणही टाकून द्यावं म्हणून मूठ पुढे केली, उघडली. टवका उडालेलं, घामेजलेलं ते तळहातावर पडून होतं. टाकणार कशी? ते तिचं नव्हतंच. इतकी वर्षं जिंकलेलं, जिंकलेलं म्हणत आली होती... आईचं होतं ते. आईचं — आणि आई थंडीत पिना लावून...